विरजण

नऊ वर्षांची सजा भोगून आलेल्या नितेशला अंधेरीच्या एका संस्थेत रोज वर्ग असायचा. मोबाइलवरून पैसे कसे द्यायचे, नोकरी मागताना काय बोलायचं, असं सगळं तिथे शिकवायचे. आज सरांनी घरचा अभ्यास दिला होता: शेजाऱ्यांकडून काहीतरी मागून आणायचं.

नितेश घरी येताच कुरकुरला, "आई, त्यापेक्षा दुसरं काहीही सांगायचं होतं ना यार!"

"समोरच्या विनिताकडून विरजण आण," विमला म्हणाली. "वाटी परत द्यायला पुन्हा जावंच लागतं, आणि ती रिकामी द्यायची नसते. येणंजाणं असंच सुरू होतं रे."

तो बाहेर पडला तशी तिने उद्या वाटीत घालून पाठवायला बेसनाचे दोन लाडू काढून ठेवले आणि दाराकडे कान लावून बसली. बेल वाजली, दार उघडलं, काहीतरी बोलणंही झालं.

नितेश जवळजवळ धावतच घरात आला. "दिलं गं आई! लगेच दिलं! विनितावहिनी हसल्यासुद्धा!"



विमलाने दोन्ही लाडू डब्यात परत ठेवले. विनिताने विरजण चहाच्या कागदी कपात दिलं होतं.