गुलाबावरचा पहारा

पुन्हा तेच. गुलाबाच्या बुंध्याशी माती उकरलेली आणि परवापासून तरारून वर येणारा कोवळा फुटवा गायब. कुणी कापला असता तर थोरलीला इतकं लागलं नसतं. हा मुळापासून ओरबाडून काढला होता. असं जनावर करत नाही. असं माणूस करतं, आणि तेही मनात काही धरून.

तिने मान वर करून धाकटीच्या दाराकडे पाहिलं. दोन भावांचं एकच घर, दोन दारं आणि दारांपुढे खाटेएवढी सामाईक बाग. भाऊ दोघेही गेले होते. उरल्या होत्या दोघी जावा, एकमेकींच्या भांड्यांच्या आवाजाकडे कान लावून. थोरलीची उभी हयात शाळेत गेली होती. परीक्षेला ती वर्गात शिरली की पोरं आपणहून बाह्या झटकून दाखवत. संशय घ्यायला तिला पुरावा लागत नसे. पुरावा मागाहून येतोच, असा तिचा अनुभव.

गुलाब तिच्या नवऱ्याने आणला होता. ज्या माणसाने जन्मात भाजीशिवाय काही घरी आणलं नाही, तो एका संध्याकाळी छातीशी कुंडी धरून आला, दिसला म्हणून आणला, एवढं बोलला आणि हातपाय धुवायला गेला. फिकट गुलाबी, पाकळ्यांनी गच्च भरलेली फुलं. घोसाघोसाने यायची आणि आपल्याच भाराने वाकायची. त्या अबोल माणसाचा आपल्यावर जीव होता, याला थोरलीपाशी दुसरा दाखला नव्हता. आणि नेमकी त्याच संध्याकाळी धाकटी हसली होती. भावोजींनी फूल आणलं, आज सूर्य कुठून उगवला, असं म्हणाली होती. माणसं गेली, केस पिकले, पण ते हसू थोरलीच्या मनात जसंच्या तसं होतं.

धाकटी दारात शर्टाला काजं करत बसली होती. गिऱ्हाइकाच्या कापडाला डाग नको म्हणून सतत हात धुणारी बाई. आज तिच्या नखांत माती होती.

"ही माती कसली गं?" थोरलीने विचारलं.

धाकटीने हात शर्टाखाली घेतले. "मी तुमच्या गुलाबाला हात लावला नाही, जाऊबाई. ते खालचं जे..."

थोरलीने तिला पुढे बोलूच दिलं नाही. नखांत माती घेऊन खोटं बोलायला जीभ कशी रेटते, इथपासून सुरुवात झाली. मग जुनं हसू निघालं. त्या हसण्यामागे जळणं होतं, ते आपण तेव्हाच ओळखलं होतं, हेही निघालं. धाकटी खाली मान घालून काजं करत राहिली. दोन काजं वाकडी झाली. थोरलीला तोही पुरावाच वाटला.

ती तडक जाळीवाल्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी गुलाबाभोवती तारेची जाळी उभी राहिली, जाळीला दार आणि दाराला कुलूप. थोरलीने खुर्ची खिडकीशी ओढली आणि डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. धाकटी जाळीपाशी येऊन काही सांगू लागली की ती खिडकी लावून घ्यायची.

पहाऱ्याला फळ आलं. बुंध्यातून एकामागून एक फुटवे उठले, जाडजूड, हिरवेगार. बघता बघता खिडकीच्या वर गेले. थोरली येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवी. नजर हटली नाही की झाड कसं फोफावतं बघा, असं धाकटीच्या दाराकडे तोंड करून म्हणे. मधल्या जुन्या फांद्या तेवढ्या काळवंडत चालल्या होत्या. म्हातारं लाकूड, चालायचंच, अशी तिने मनाची समजूत घातली.

थंडी सरता सरता कळ्या आल्या आणि एका सकाळी सगळं झुडूप एकदम फुललं. पांढरं. चिमुकली, पाच पाकळ्यांची, बिनवासाची फुलं, कुंपणाच्या कडेला आपोआप उगवतात तशी. थोरलीने कुलूप काढलं. आत हात घालून मधली जुनी फांदी धरली. ती कडकन तुटून हातात आली.

ती पायरीवर बसली. हाक मारली नव्हती, तरी धाकटी बाहेर आली. तिच्या हातात रंगाचा रिकामा डबा होता, डब्यात मातीत रोवलेली वीतभर फांदी. शेंड्याला एक कळी, अर्धवट उमललेली, फिकट गुलाबी.

आज थोरलीने तिला बोलू दिलं. धाकटीने खालच्या आवाजात सांगितलं. विकतचा गुलाब रानगुलाबाच्या बुंध्यावर कलम केलेला असतो. कलमाच्या खालून जे फुटतं ते रानटी. ते राहू दिलं तर वरचा गुलाब मरतो. कापून भागत नाही, मुळापासून ओढून काढावं लागतं. भावोजी होते तोवर तेच काढायचे, पहाटे, थोरली उठायच्या आत. धाकटीला आपल्या खिडकीतून दिसायचं. ते गेल्यावर तिने काढायला सुरुवात केली.

"ते खोकायला बाहेर जातात, असं मला वाटायचं," थोरली म्हणाली. "माझी झोप मोडू नये म्हणून."

धाकटीने डबा थोरलीच्या मांडीवर ठेवला. ही फांदी स्वतःच्याच मुळांवर उभी आहे, हिच्या खालून आता दुसरं काही यायचं नाही, असं म्हणाली. मग शेजारी पायरीवर टेकली.

"ते फुटवे काढले ती चोरी नव्हती, जाऊबाई. पण तुम्ही जाळी सांगायला गेलात ना, तेव्हा ही एक फांदी मात्र मी चोरली."