अठरा सेकंद

चितेगावच्या कंपनीत पाय ठेवला अन् रामेश्वर सरांची नजर सरळ त्या पाटीवरच गेली. पॅकिंगच्या टेबलावर, लाल अक्षरात: एक खोकं, अठरा सेकंद.

मागं कॉलेजची वीस पोरं-पोरी, हातात मोबाइलचं घड्याळ, लई खूश! पुस्तकातलं काम एकदा डोळ्यांनी बघू द्या म्हणून सरच त्यांना इथं आणायचे. यंदा दुसरं वर्ष.

टेबलाशी कचरूकाका उभे. सरांच्याच फुलंब्रीचे, दुष्काळात मेंढरं विकून इकडं कामाला लागलेले. बारा बाटल्या खोक्यात भरायच्या, टेप मारायचा, पुढचं घ्यायचं. दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या.

"काका, ही पाटी कधी लागली?"

"मागच्या साली तुमच्या पोरांनी टाइम घेतला नाय का, त्याच्यावरनंच. शेजारच्या टेबलावरच्या केसरबाईला नाय जमलं. बसवली घरी."

काकांना रोज तीस सेकंद लागतात, अन् त्या दिवशी काका जीव तोडून पळवतायत, हे सरांना तेव्हाच दिसलेलं! माणूस नेहमीपेक्षा जोरात करत असला तर वेळ वाढवून धरायचा, हे आदल्याच दिवशी त्यांनी स्वतः फळ्यावर शिकवलेलं. पण मॅनेजर टाळ्या वाजवत होता, पोरं उड्या मारत होती. सरांनी अठराच लिहू दिले. रिपोर्टवर सहीसुद्धा त्यांचीच.

"एवढं पळवलं कशाला हो त्या दिवशी?"

"आता! आपल्या गावचं पोरगं सर होऊन आलं, अन् आपण त्याच्या पोरांपुढं रेंगाळायचं व्हय?"

"आज रोजच्यासारखं करा, काका. हात जोडतो. खरा टाइम लिहू, मी बोलतो मॅनेजरशी."

"बरं, बरं. सावकाश करतो."

मॅनेजर येऊन उभा राहिला. तेवढ्यात पोरींतली दिपाली मोबाइल सरसावून पुढं झाली.

"काका, मी पण फुलंब्रीचीच!"

"व्हय? कोणाची गं तू?"

"दगडाबाईची नात."

"दगडाबाईची! मंग बघ आता नीट." काकांनी बाह्या वर सारल्या.

सरांनी "हळू" म्हणेस्तोवर खोकं भरून टेप मारूनसुद्धा झाला.

"सर, सोळा!" दिपाली ओरडली.

काका धापा टाकत सरांकडं बघत होते. मान ताठ.