अकरा नंबरचा उंदीर

व्यायामाने स्वमग्न उंदरांच्या मेंदूतला, पेशी झिजवणारा ऑक्सिडेटिव्ह ताण उतरतो का, हे संशोधक मॅडमना बघायचं होतं. प्रयोगशाळेतल्या मावशींनी आठ आठवडे रोज एकेकाला चिमुकल्या ट्रेडमिलवर अर्धा तास पळवायचं आणि तक्त्यात टिक करायची. मागे पडला की विजेचा चटका! अकरा नंबर असा काही किंचाळायचा की मावशींचं काळीज तुटायचं. म्हणून त्याला तेवढा वेळ त्या मांडीवर घेऊन कुरवाळायच्या आणि टिक ठोकून मोकळ्या व्हायच्या. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसणारा तो पठ्ठ्या हळूहळू चक्क चार उंदरांत मिसळायला लागला.

शेवटी सगळ्यांचे मेंदू काढून तपासले. मॅडम हरखूनच गेल्या.

"मावशी, सगळ्यात कमी ताण अकराच्या मेंदूत! बघा पळवण्याचा गुण!"

खरं सांगितलं तर पोटावर पाय यायचा. मावशींनी मान डोलावली.

"आमचा लेकही असाच हो, भिंतीकडे तोंड करून बसतो. आजच घरी ट्रेडमिल आणते," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. मग स्वतःशीच पुटपुटल्या,

"इतके दिवस रडला की मांडीवर घेत बसले, तिथंच चुकलं माझं!"