शाबूत चेहरे

निवृत्त झाल्यापासून मी हुइचौच्या डोंगरातली खेडी पालथी घालून जुनं लाकडी कोरीवकाम जमवतो. घराच्या भिंती भरल्यात. माझी अट एकच, कोरलेल्या माणसांचे चेहरे शाबूत हवेत. दुकानदार पाठीमागे मला ‘नाकमास्तर’ म्हणतात आणि मी तेही कौतुकच समजतो.

परवा एका गावात फांग नावाच्या आजींनी मला खिडकीची एक झडप दाखवली. तिच्यावर आठ सिद्धपुरुष होते आणि आठही नाकं जागेवर होती. घरातल्या बाकीच्या झडपांवर मात्र चेहऱ्यांच्या जागी नुसते छिन्नीचे घाव.

“ही एकटीच कशी वाचली हो?” मी जाणकारासारखं भिंग काढून विचारलं.

“हिच्यावर चिखल लिंपला होता मी. क्रांतीच्या त्या वर्षांत दंडाला लाल फीत बांधून शाळेतली पोरं आली होती ना, जुनं सगळं फोडायला! त्यातला एक चष्मेवाला तर भारीच कामसू. दुपारच्या जेवणाआधी सात खिडक्या उरकल्या मेल्यानं. वर मलाच म्हणतो, काकू, भूक लागली.”

“मग?”

“मग काय, पेज वाढली. लेकरूच ते.”

मी भिंग खिशात टाकलं आणि घासाघीस न करता ती झडप विकत घेतली. पेजेसोबत लोणच्यातला बांबूचा कोंबही वाढला होता, हे सांगायला आजी विसरल्या. मीही आठवण करून दिली नाही.