पान अकरावरची वेल

पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी. एकोणतीस वैदू. तळपायात मोडलेला काटा. विद्यापीठाच्या संगणकावर अडुसष्ट टक्के.

ललिताच्या वनौषधींवरच्या प्रबंधातला तेवढा मजकूर तिच्याच मार्गदर्शक सरांच्या छापील लेखाशी जुळत होता. चौकशी समितीनं तिला आणि सरांना समोरासमोर बोलावलं. चोरी ठरली, तर तिची नोंदणी रद्द होणार होती.

"कच्ची प्रत मीच सरले दोन वर्षांआधी वाचाले देल्ली होती," ललिता म्हणाली.

"असं सगळेच म्हणतात," सर हसले.

"सर, तुमच्या लेखात पान अकरावर झिपरी वेल आहे. माझ्या प्रबंधात ते नाई. तुमाले कुठी दिसली?"

"भामरागडच्या जंगलात. पोटदुखीवर देतात. मी स्वतः पाहिली आहे."

"झिपरी आमची शेळी आहे, सर. कच्च्या प्रतीत मीच तिले वेल करून ठेवलं होतं."

समितीच्या अध्यक्ष मॅडमनी ललिताचा प्रबंध मिटला आणि सरांचा लेख पुढे ओढला.



चार वर्षांपूर्वी याच खोलीत, याच सरांनी केलेल्या चोरीच्या तक्रारीवरून, ललिताच्या भावाची, सुकलूची नोंदणी रद्द झाली होती.