चौकाचं माप

शहापूरच्या चौकात दीपमाळेपासून कंदिलाच्या दगडी खांबापर्यंत सूत ताणलं, की त्या ताण्यात बरोबर तीन साड्या बसायच्या. सुबराव विणकराच्या घरात आज्यापासून दुसरं माप नव्हतं. पण दसऱ्यापासून प्रत्येक ताण्यातली तिसरी साडी हातभर आखूड भरायला लागली आणि सुबरावचा जीव थाऱ्यावर राहिना. त्यानं माग तपासला, फणी तपासली. शेवटी नजर बायकोवर गेली.

"सूत वडगावच्या भैनीला पोचवतीस व्हय?"

अंबूबाईनं हातातली कांडी खाली ठेवली. "पंधरा वर्सं तुमच्या घरात हाय मी," एवढंच म्हणाली आणि बोचकं उचलून संकेश्वरला माहेरी निघून गेली.

ती गेल्यावर घातलेल्या ताण्यातही तिसरी साडी आखूडच निघाली. आता सुबराव मागावर बसला की उठायचा आणि उठला की चौकात येरझाऱ्या घालायचा. तिथं खांबाभोवतीचा नवा कट्टा घडवत बसलेल्या भरमू पाथरवटानं त्याला हाक मारली.

"अण्णा, चौक कसा दिसतोय सांगा की. दिल्ली दरबारासाठी देखणा कराय सांगितलाता सायबानं. लई तिरका दिसायचा. म्हणून दसऱ्याला खांब उपसला आन् हातभर आत घेऊन बसवला. कुणाच्या ध्यानातबी आलं न्हाय."

सुबराव खांबाकडं बघत राहिला.


हातभराच्या चुकीसाठी आता त्याला संकेश्वरपर्यंत पंधरा कोस चालायचं होतं.