लिंबू जरा जास्त

धाकटीने वाटी थोरल्या जावेपुढे सरकवली तेव्हा दुकान उघडायला अर्धा तास उरला होता. टेबलाभोवती सगळे जमले होते: दोघे भाऊ, सासूबाई आणि दोन वाढपी. मधोमध पहिल्या घाण्याचे मासे, पिठाचं कवच अजून तडतडत असलेले, आणि शेजारी तळलेल्या बटाट्याच्या लांब फोडी. थोरलीने सॉस चाखून मान हलवल्याशिवाय शटर वर जात नसे. गिऱ्हाईक नावाला माशासाठी यायचं. खरं यायचं ते तिच्या त्या आंबट सॉससाठी.

आज वाटीत सॉस नव्हता. पुस्तकांना कव्हर चिकटवायला करतात तशी मैद्याची खळ होती, गार केलेली, वर काकडीचे बारीक तुकडे पेरलेली.

गेल्या आठवड्यात शेगडीजवळचं फडकं जळत होतं. वासाने धाकटी बाहेरून धावत आली, तर थोरली त्या फडक्याला पाठ करून निवांत मासे पिठात बुडवत उभी. तेव्हाच धाकटीने ओळखलं. मोठ्या तापातून उठल्यापासून बाईच्या नाकाला वास नव्हता की जिभेला चव नव्हती, आणि चार महिने ती नुसत्या चमच्याच्या मापावर निभावून नेत होती. तिला बाजूला घेऊन विचारता आलं असतं. पण ‘तुझ्या हाताला चव नाही, तू आपली भांडी बघ’ हे धाकटीने थोरलीकडून नऊ वर्षं याच टेबलाशी, याच माणसांदेखत ऐकून घेतलं होतं.

थोरलीने बटाट्याची फोड वाटीत बुडवून तोंडात टाकली आणि सवयीने डोळे मिटले. सगळे थांबले.

“लिंबू जरा जास्त झालंय,” ती म्हणाली.

“त्यात लिंबू नाहीये, जाऊबाई,” धाकटी सावकाश म्हणाली. “व्हिनेगर नाही, मीठसुद्धा नाही. खळ आहे ती.”

एक वाढपी फिस्सकन हसला. थोरल्या भावाने वाटीत बोट बुडवून चाटलं आणि तिथेच थुंकला. थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. आता हा काहीतरी बोलेल असं धाकटीलाही वाटलं. तो बोललाही. सॉसचं प्रमाण कुठे लिहून ठेवलंय का, एवढंच त्याने बायकोला विचारलं. सगळं डोक्यात आहे, ती म्हणाली. मग आजपासून सॉस हीच करेल, शटर उघडायच्या आत हिला सांगून टाक, असं म्हणून तो उठला. सासूबाईंनी एक मासा पुढे ओढला. झालं ते बरंच झालं म्हणाल्या, उद्या चारचौघांत शोभा झाली असती.

स्वयंपाकघरात दोघीच उरल्या. थोरलीच्या डोळ्यांत टिपूसही नव्हतं. भिंतीकडे बघत ती सांगत गेली आणि धाकटी घालत गेली. मेयोनीज इतकं, व्हिनेगर इतकं, लसूण ठेचून, मोहरी वाटून, चिमूटभर साखर शेवटी. कुठे अडखळली नाही, कुठे मागे येऊन चूक दुरुस्त केली नाही. धाकटीने दोनदा विचारलं, एवढंच ना? एवढंच, ती म्हणाली.

धाकटीने चमचा चाटला. मग पुन्हा चाटला. लिंबू पिळलं, थोडं मीठ टाकलं, पुन्हा चाटला. सॉस आंबट होता, तिखट होता, वाईट मुळीच नव्हता. पण कुठल्याही दुकानात मिळेल असा होता. बाहेर शटर खडखडत वर गेलं. रविवारची रांग आत येऊ लागली आणि कुणीतरी बसायच्या आधीच सॉस जास्तीचा द्या म्हणून सांगितलं.

“जाऊबाई,” धाकटी हलक्या आवाजात म्हणाली, “यात काहीतरी राहिलंय.”

थोरलीने पहिल्यांदाच तिच्याकडे वळून नीट पाहिलं.

“असेल बाई,” ती म्हणाली. “मला कुठे चव कळते?”